‘ध’चा ‘मा’, सिमेंट आणि तोफ : प्रकरण उघड झाल्यावर लोक नेत्याला कधी सोडतात?

मी कात्रजला राहतो. आमच्या गावाच्या नावावर मराठीत एक वाक्प्रचार आहे, आणि तोही फसवणुकीचा : कात्रजचा घाट दाखवणे. एप्रिल १६६३मध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात शिरून शाइस्ताखानावर छापा घातला. परंपरा सांगते की, परतताना महाराज सिंहगडाकडे गेले आणि कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पेटते पलिते बांधून सोडले. खानाची फौज त्या उजेडामागे धावली. घाटात पोचल्यावर कळलं, समोर सैन्य नाही, बैल आहेत.

खानाच्या फौजेला निदान बैल दिसल्यावर मागे फिरायचं एवढं तरी कळलं. आपल्या राजकारणात तसं दर वेळी होत नाही. प्रकरण उघड होतं, पेपरात छापून येतं, कोर्ट ताशेरे ओढतं, आणि तरीही तोच नेता पुढच्या निवडणुकीत गुलाल उधळतो. याच्या उलटही होतं. ज्या प्रकरणात कोर्टात फारसं काही टिकत नाही, त्या प्रकरणात सरकारच्या सरकार जातं. मग प्रकरणाने पाठिंबा नेमका बदलतो कधी?

‘लोक मूर्ख आहेत’ किंवा ‘लोकांची स्मृती कमी असते’ ही आपली ठरलेली उत्तरं. दोन्ही उत्तरं सोयीची आहेत, कारण ती दिली की पुढे काही शोधावं लागत नाही. शोधायचं असेल तर कात्रजहून फार लांब जायलाही नको. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी भूमिगत नळाने पुण्यात आणि शनिवारवाड्यापर्यंत नेलं. त्याच वाड्यात त्याच नानासाहेबांच्या धाकट्या मुलाचा खून झाला. पुण्याच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोठं राजकीय प्रकरण.

खुन्याच्या नोकरीत साडेचार महिने

थोरले माधवराव पेशवे नोव्हेंबर १७७२मध्ये थेऊरला वारले. त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. वय सतरा. काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, वाड्यातच नजरकैदेत. पेशवेपदावर आपला हक्क आहे असं त्यांना वाटत होतं आणि ते लपूनही नव्हतं. ३० ऑगस्ट १७७३ला, गणपतीच्या दिवसांत, भर दुपारी गारदी वाड्यात घुसले. पगार थकल्याची ओरड होती. नारायणराव धावत काकांच्या महालात गेला आणि त्यांना बिलगला. तिथेच त्याला मारलं. वाचवायला मध्ये आलेलेही मारले गेले.

आता पुढचा भाग नीट बघा, कारण शाळेत आपण तो घाईघाईत वाचलेला असतो. खून कुणाच्या डोळ्यांदेखत झाला हे गुपित नव्हतं. संशय कुणावर आहे हेही नव्हतं. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी ठरवलं, याला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं प्रायश्चित्त नाही असं सांगितलं, आणि अशा राज्यात राहायचं नाही म्हणून पुणं सोडलं. सत्ताधाऱ्याला तोंडावर खुनी म्हणणारा न्यायाधीश ही जगाच्या इतिहासातही दुर्मीळ गोष्ट आहे.

आणि मग काय झालं? रघुनाथराव पदावरून गेले का? नाही. ऑक्टोबर १७७३मध्ये साताऱ्याहून छत्रपतींची पेशवेपदाची वस्त्रं त्यांना मिळाली. ते फौज घेऊन निजामावर मोहिमेला निघाले. सरदार बरोबर होते, कारभारी बरोबर होते. ज्यांना पुढे आपण ‘बारभाई’ म्हणून ओळखतो त्यांच्यातलेही बरेच जण त्या छावणीत होते. म्हणजे प्रकरण उघड, निकाल जाहीर, आणि राज्य चालूच.

त्या माणसांना नीतिमत्ता नव्हती असं म्हणून मोकळं होता येईल. पण त्यांच्या बाजूने विचार करा. पेशवा मेला होता. त्याला मूल नव्हतं. घरात वयात आलेला, लढाईचा अनुभव असलेला पुरुष एकच उरला होता, आणि तोच आरोपी होता. त्याला काढून कुणाला बसवायचं? हैदर दक्षिणेत, निजाम शेजारी, इंग्रज मुंबईत. गादी रिकामी ठेवणं परवडणारं नव्हतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला स्टँडबाय म्हणतो, तो नव्हता. दुसरा सर्व्हर तयार नसेल तर बिघडलेला सर्व्हरही कुणी बंद करत नाही. तो चुका करतोय हे सगळ्यांना दिसत असतं, तरीही.

एक गोष्ट मात्र बदलली होती. नारायणरावाची बायको गंगाबाई गरोदर होती. ही बातमी पक्की झाली तसे कारभारी काही ना काही निमित्त काढून छावणीतून एकेक करत पुण्याकडे परतू लागले. नाना फडणवीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे आणि एके काळी दादांच्याच गोटातले समजले जाणारे सखारामबापू बोकील. जानेवारी १७७४मध्ये त्यांनी गंगाबाईला पुरंदर किल्ल्यावर नेलं आणि तिच्या नावाने कारभार सुरू केला. खुनाला तेव्हा साडेचार महिने झाले होते. या साडेचार महिन्यांत खुनाबद्दल नवी माहिती काहीच आली नव्हती. नवी गोष्ट एकच होती : पर्याय.

लढाई जिंकली, माणसं गेली

मार्च १७७४मध्ये पंढरपूरजवळ कासेगावला दोन्ही फौजा भिडल्या. रघुनाथराव जिंकले. त्रिंबकराव पेठे जखमी होऊन पकडले गेले आणि वारले. साध्या हिशेबाने इथे बारभाईंचा कारभार आटोपायला हवा होता. पण झालं उलट. जिंकलेल्या दादांच्या मागे लोक गोळा झाले नाहीत आणि हरलेल्या बाजूची फूट पडली नाही. १८ एप्रिल १७७४ला पुरंदरावर सवाई माधवरावाचा जन्म झाला. चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवेपदाची वस्त्रं मिळाली. दादांच्या बाजूने मुलाच्या जन्माबद्दलच शंका काढून बघितल्या गेल्या, पण त्या चालल्या नाहीत. शिंदे-होळकर बराच काळ कुंपणावर बसून होते, तेही अखेर बाळाच्या बाजूला आले.

दोन महिन्यांच्या मुलाची बाजू एका कसलेल्या सेनानीपेक्षा जड का झाली? मुलाने तर काहीच केलेलं नव्हतं. मला वाटतं, ऑगस्टमध्ये झालेल्या खुनाची खरी किंमत आता वसूल झाली. पर्याय नव्हता तेव्हा लोकांनी खून बाजूला ठेवला होता, विसरले नव्हते. पर्याय येताच तीच जुनी माहिती कामाला आली. प्रकरणाचा परिणाम होतो, पण तो कर्जासारखा साठून राहतो. वसुलीची तारीख दुसरीच गोष्ट ठरवते.

पुढचं सगळं घसरणीचं आहे. पाठिंबा गेलेल्या नेत्याने गादी सोडली नाही, बाहेरचा पाठिंबा शोधला. मार्च १७७५मध्ये सुरतेला त्यांनी इंग्रजांशी तह केला आणि मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली. इंग्रज फौज दादांना पुण्याच्या गादीवर बसवायला बोरघाट चढून आली. दादा बरोबर आहेत म्हटल्यावर मराठे सरदार येऊन मिळतील असा हिशेब होता. कुणी मिळालं नाही. जानेवारी १७७९मध्ये वडगावला इंग्रजांना शरण यावं लागलं. अखेर १७८२च्या सालबाईच्या तहाने दादांना पेन्शन ठरली आणि पुढच्याच वर्षी ते कोपरगावला वारले. पण साष्टी इंग्रजांकडेच राहिली. नेत्याने गमावलेल्या विश्वासाचं बिल नेता एकटा भरत नाही. साष्टीतल्या माणसांनी नारायणरावाला मारलं नव्हतं.

आणि एक टोचणारी गोष्ट. १७९६मध्ये त्याच राघोबादादांचा मुलगा, दुसरा बाजीराव, पेशवा झाला. सवाई माधवराव मूल नसताना गेला होता आणि पुन्हा पर्याय उरला नव्हता.

एक अक्षर

या खुनाबद्दल आज रस्त्यावरच्या कुणालाही विचारा, तो पेन्शन-तह-कासेगाव सांगणार नाही. तो सांगेल ‘ध चा मा’. मूळ हुकूम ‘धरावे’ असा होता, आनंदीबाईने एक अक्षर बदलून ‘मारावे’ केलं. ही गोष्ट लोककथेच्या रूपातच आपल्यापर्यंत आली आहे आणि इतिहासकारांमध्ये तिच्यावर एकमत नाही. पण अडीचशे वर्षं टिकली तीच.

का टिकली, हे समजणं सोपं आहे. ती एका श्वासात सांगता येते. गारद्यांचे थकलेले पगार, काका-पुतण्याचा हक्काचा वाद, कारभाऱ्यांचे गट हे सगळं सांगायला संध्याकाळ लागते. ‘ध चा मा’ पाणवठ्यावर घडा भरेपर्यंत सांगून होतं. शिवाय त्यात एक बाई दोषी ठरते, त्यामुळे दादांबद्दल हळवं असणाऱ्यांचीही सोय होते. लोकांपर्यंत जे पोचतं ते प्रकरण नसतं, प्रकरणाचं छोटं रूप असतं. छोटं रूप सापडलं नाही तर मोठ्यातलं मोठं प्रकरणही फायलीतच राहतं. आणि ते छोटं रूप कुणाला दोषी ठरवतं, कुणाला सोडवतं, हे तपासायला फार कमी लोक थांबतात. व्हॉट्सॲपच्या आधीही हे असंच होतं.

कोतवाल द्या, कारभारी वाचवा

पुण्यातलंच दुसरं प्रकरण १७९१चं. नाना फडणवीसांचा कोतवाल घाशीराम सावळादास. त्याने तेलंगी ब्राह्मणांना चोर समजून कोंडून ठेवलं. कोंडलेल्या जागेत वीसहून अधिक जण गुदमरून मेले. शहर उसळलं. नानांनी आधी चालढकल केली आणि मग घाशीरामला लोकांच्या हवाली केलं. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

घाशीरामला नेमलं नानांनी. त्याच्या जुलमाच्या तक्रारी ही नवी गोष्ट नव्हती. तरी लोकांचा राग घाशीरामावर संपला आणि नाना कारभारी राहिले. विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली रंगमंचावर आलं तेव्हा त्यावर एवढं वादळ उठलं, त्याचं एक कारण हेच होतं : नाटकाने बोट कोतवालावरून उचलून कारभाऱ्याकडे नेलं.

दहा वर्षांनी महाराष्ट्रात हीच रचना पुन्हा दिसली. जून १९८०मध्ये बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री झाले. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. घर बांधायचं तर परमिट, परमिटसाठी खेटे. अंतुल्यांनी ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ आणि आणखी काही ट्रस्ट काढले. ३१ ऑगस्ट १९८१ला ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरींचा लेख आला : ट्रस्टला देणगी द्या, सिमेंट घ्या, असा हा व्यवहार आहे. १२ जानेवारी १९८२ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध मान्य केला. अंतुल्यांनी राजीनामा दिला. पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अंशतः उठवलं, म्हणजे ज्या टंचाईवर हा सगळा बाजार उभा होता ती रचनाच बदलायला घेतली. ही गोष्ट मात्र फार कुणाच्या लक्षात राहिली नाही.

पाटीवर नाव इंदिरा गांधींचं होतं, पद गेलं अंतुल्यांचं. कोतवाल दिला की राग निघून जातो. राष्ट्रीय नेत्यापर्यंत आच पोचायच्या आत मधला एक माणूस जळतो.

अंतुल्यांचं पुढे काय झालं? खटले वर्षानुवर्षं सर्वोच्च न्यायालयापर्यंत फिरत राहिले. आणि कुलाबा मतदारसंघाने त्यांना १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ला लोकसभेत पाठवलं. ते केंद्रात मंत्रीही झाले. कोकणातल्या मतदाराला प्रकरण माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? पण त्याच मतदाराने मुख्यमंत्री म्हणून त्यांचा झपाटा पाहिला होता, संजय गांधी निराधार योजना पाहिली होती, आपल्या भागाचा माणूस मुख्यमंत्री झालेला पाहिला होता. सिमेंटचा तोटा मुंबईच्या बिल्डरांच्या हिशेबात होता, निराधार योजनेचा मनिऑर्डरचा आकडा गावातल्या म्हातारीच्या हातात. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण याला विस्मृती म्हणता येत नाही. हा हिशेब आहे, आणि त्यात लाचेचा रकाना एकटाच नसतो.

एकच तोफ, वेगवेगळे निकाल

राष्ट्रीय नेत्यालाच थेट आच लागल्याचं मोठं उदाहरण म्हणजे राजीव गांधी. १९८४च्या डिसेंबरात काँग्रेसला लोकसभेत चारशेच्या वर जागा मिळाल्या. महाराष्ट्रात ४८पैकी ४३. राजीव गांधींची प्रतिमा ‘मिस्टर क्लीन’. मार्च १९८६मध्ये बोफोर्स कंपनीशी ४१० तोफांचा करार झाला. १६ एप्रिल १९८७ला स्वीडिश रेडिओने बातमी दिली की, करारासाठी लाच दिली गेली. त्याच्या थोडेच दिवस आधी विश्वनाथ प्रताप सिंह संरक्षणमंत्रिपदावरून बाहेर पडले होते. १९८९ला काँग्रेस १९७ जागांवर आली आणि सरकार गेलं.

‘बोफोर्सने राजीव गांधींना पाडलं’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की ते तपासायचं सुचत नाही. तपासू या. तोफ एकच, बातमी एकच, पंतप्रधान एकच. प्रकरणच कारण असेल तर देशभर परिणाम साधारण सारखा हवा.

उत्तर प्रदेशात काँग्रेस ८३वरून १५वर आली. महाराष्ट्रात ४३वरून २८वर, म्हणजे फटका बसला पण निम्म्याहून जास्त जागा राहिल्या. आणि आंध्रात? तिथे १९८४ला काँग्रेसच्या ६ जागा होत्या, १९८९ला ३९ झाल्या. बोफोर्सनंतर वाढल्या. कर्नाटकात २८पैकी २७ मिळाल्या. दक्षिणेतला मतदार पेपर वाचत नव्हता असं थोडंच आहे! ‘द हिंदू’ या मद्रासच्या पेपरानेच तर बोफोर्सची कागदपत्रं छापली.

फरक पर्यायाचा होता. उत्तरेत व्ही. पी. सिंह होते : कालपर्यंत त्याच मंत्रिमंडळात असलेले, म्हणून ‘आतलं माहीत असलेले’ आणि स्वच्छ वाटणारे. आतून फुटून आलेला माणूस नेहमीच जास्त बोचतो, सखारामबापू दादांना बोचले तसा. विरोधकांनी मतविभागणी टाळून बऱ्याच जागी एकास एक उमेदवार दिले होते. अयोध्येचा प्रश्न पेटला होता. आंध्रात मात्र सत्तेत होते एन. टी. रामाराव आणि राग होता त्यांच्यावर. तिथे काँग्रेस हाच पर्याय होता. महाराष्ट्रात शरद पवारांचं काँग्रेस सरकार होतं, शिवसेना-भाजपची युती नवी होती, जनता दल काही भागांपुरता होता.

आणि ‘बोफोर्स’ हा शब्द! ‘ध चा मा’सारखाच एका श्वासाचा. तोफ म्हणजे जवान, जवान म्हणजे देश, आणि त्यात दलाली. याहून किचकट आर्थिक प्रकरणं नंतर आली, पण एवढं सोपं रूप फार थोड्यांना मिळालं. कोर्टातलं चित्र मात्र वेगळं झालं. २००४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राजीव गांधींवरचे लाचेचे आरोप रद्द केले. तोपर्यंत त्यांची हत्या होऊन तेरा वर्षं होत आली होती आणि १९८९चा निकाल इतिहासजमा झाला होता. याच तोफा मधल्या काळात, १९९९ला, कारगिलमध्ये वापरल्या गेल्या. लोकांचा निकाल आणि कोर्टाचा निकाल दोन वेगळ्या वेळापत्रकांवर चालतात. एक दुसऱ्याची वाट बघत नाही.

मग प्रकरणं उघड करायची कशाला?

इथपर्यंत वाचून एखाद्याला वाटेल, सगळं पर्यायावरच ठरत असेल तर रामशास्त्र्यांनी पुणं सोडलं काय आणि न सोडलं काय. शौरींनी लेख लिहिला काय आणि न लिहिला काय.

मला उलट वाटतं. पुरंदरावरच्या बाळामागे लोक उभे राहिले, कारण दादा खुनी आहेत हे कुणीतरी वेळेत, अधिकाराने, नाव घेऊन सांगून ठेवलं होतं. तो निर्णय तेव्हा अमलात आला नाही. पण तो नसता, तर जानेवारीत बारभाईंचं बंड नुसतं कारभाऱ्यांचं बंड ठरलं असतं, कासेगावला हरल्यावर ते विरून गेलं असतं. रामशास्त्र्यांनी पाठिंबा बदलला नाही. पाठिंबा बदलायची वेळ येईल तेव्हा लोकांच्या हाताशी कारण तयार असेल, अशी सोय त्यांनी केली. बारभाईंच्या काळात ते पुन्हा पुण्याला न्यायाधीश म्हणून आले, हेही विसरू नये.

म्हणून पुढचं प्रकरण आपल्या फोनवर येईल तेव्हा ‘आता हा पडणार’ किंवा ‘काही होत नाही हो यांचं’ या दोन वाक्यांच्या आधी काही गोष्टी बघता येतील. यात कोतवाल कोण आणि कारभारी कोण? आपल्यापर्यंत आलेलं छोटं रूप कुणाला वाचवतंय? आणि समर्थकांना आपण लाज वाटून घ्यायला सांगतोय, पण जायला दुसरी जागा दाखवतोय का? समोरच्याला ‘अंधभक्त’ किंवा ‘गुलाम’ म्हणणं फुकट असतं. छावणीतल्या सरदारांना कुणी रोज खुन्याचे चाकर म्हणून हिणवलं असतं, तर ते कदाचित आणखी घट्ट चिकटले असते. ते परत आले, कारण पुरंदरावर परत येण्यासारखं काहीतरी उभं राहिलं होतं. ते उभं करणं कंटाळवाणं, हळू आणि मोठ्या कष्टाचं काम आहे. बारभाईंनाही त्यासाठी एकमेकांवरचा अविश्वास गिळून एका किल्ल्यावर राहावं लागलं होतं.